राल्फ स्टाइनमन, डेंड्रायटिक पेशी आणि कॅन्सर: शोध लावणाऱ्यावरच आलेली वेळ

सूक्ष्मदर्शी

३ ऑक्टोबर २०११, सोमवार. स्टॉकहोमला वैद्यकशास्त्राचं नोबेल जाहीर झालं. अर्धं पारितोषिक ब्रूस बॉयटलर आणि ज्यूल्स हॉफमन यांना मिळून, उरलेलं अर्धं राल्फ स्टाइनमन यांना. काही तासांतच कळलं की स्टाइनमन आदल्या शुक्रवारी, ३० सप्टेंबरलाच गेले होते. वय ६८, आजार स्वादुपिंडाचा कॅन्सर. मरणोत्तर नोबेल द्यायचं नाही हा नियम १९७४ पासून पक्का आहे. पण निवड झाली तेव्हा ते हयात आहेत अशीच समितीची समजूत होती, म्हणून पारितोषिक तसंच ठेवलं गेलं.

ही गोष्ट पुष्कळांनी ऐकली असेल. ती सांगून झाली की लोक हळहळतात आणि पुढे जातात. त्यांनी नेमकं काय शोधलं होतं, हे मात्र मागे राहतं. मी गेली नऊ वर्षं प्रयोगशाळेत त्याच पेशी वाढवते आहे, म्हणून म्हटलं आपणच धागा काढावा.

आपल्या प्रतिकारशक्तीचे ढोबळ दोन भाग. एक उपजत, म्हणजे जन्मापासून तयार असलेला. जंतू शिरला की काही मिनिटांत, काही तासांत हा कामाला लागतो. मॅक्रोफेज आणि न्यूट्रोफिल (जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी), एनके पेशी (बिघडलेल्या पेशी मारणाऱ्या) या त्यातल्या. दुसरा अर्जित, म्हणजे टी-पेशी आणि बी-पेशींचा. याला तयार व्हायला दिवस लागतात, पण नेम अचूक असतो आणि आठवणही राहते. शाळेत हे दोन भाग वेगवेगळे शिकवतात आणि त्यामुळे एक समज पक्की होते, की उपजत प्रतिकारशक्ती म्हणजे कच्चं काम आणि खरी हुशारी टी-पेशींची.

पण टी-पेशीला स्वतःहून काहीच दिसत नाही. एखाद्या प्रथिनाचा तुकडा दुसऱ्या कुणीतरी आणून समोर धरावा लागतो, आणि धरताना ‘हा धोकादायक आहे’ हेही सांगावं लागतं. हा निरोप नसेल तर टी-पेशी त्या तुकड्याकडे दुर्लक्ष करायला शिकते. मग हा निरोप्या कोण? १९७० साली स्टाइनमन न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात झॅनव्हिल कोन यांच्या प्रयोगशाळेत आले, ते याच प्रश्नामागे. सगळ्यांचा संशय मॅक्रोफेजवर होता.

उंदराच्या प्लीहेतल्या पेशी काचेवर चिकटवून ते पाहत होते. त्यात एक वेगळीच पेशी दिसली. प्लीहेतल्या पेशींत तिचं प्रमाण जेमतेम एक टक्का. मॅक्रोफेज गोलसर, पोटात गिळलेला माल भरलेली. ही तशी नव्हती. हिला फांद्या होत्या, आणि त्या फांद्या बाहेर येत, आत जात, पुन्हा दुसरीकडून फुटत. ग्रीक भाषेत झाडाला ‘डेंड्रॉन’ म्हणतात, त्यावरून १९७३ साली नाव पडलं: डेंड्रायटिक पेशी.

हे चित्र मी दर आठवड्याला बघते, तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही. अस्थिमज्जेतल्या पेशी घेऊन जीएम-सीएसएफ हे प्रथिन घातलं की सहाव्या दिवशी बशीच्या तळाशी द्राक्षांच्या घोसासारखे पुंजके धरलेले असतात. संध्याकाळी त्यात जिवाणूच्या कवचातला एक घटक अगदी कणभर घालायचा आणि घरी जायचं. सकाळी भिंगाखाली पाहावं तर पुंजके सुटलेले, पेशी मोकळ्या तरंगताहेत आणि प्रत्येकीच्या अंगाभोवती पातळ पदरासारखे पडदे हलताहेत. बशीत एकही जिवंत जिवाणू नाही, नुसती त्याची खूण आहे. तेवढ्यावर या पेशी जाग्या झाल्या. आता त्यांच्या अंगावर तो ‘धोका आहे’ म्हणणारा निरोप उमटलेला असतो.

स्टाइनमन यांच्यावर लोकांनी पटकन विश्वास ठेवला नाही. हा मॅक्रोफेजचाच एखादा प्रकार असणार, असं वर्षानुवर्षं म्हटलं गेलं. १९७८ मध्ये त्यांनी दाखवलं की टी-पेशींना चेतवण्यात ही पेशी इतरांच्या निदान शंभरपट प्रभावी आहे. तरी खात्रीने वेगळ्या काढायच्या तर त्या मुळात इतक्या थोड्या, की प्रत्येक प्रयोगाला जीव मेटाकुटीला यायचा. १९९२ मध्ये कायो इनाबा आणि स्टाइनमन यांच्या गटाने उंदराच्या अस्थिमज्जेतून त्या ढिगाने वाढवायची रीत काढली आणि मग जगभर काम सुरू झालं. पहिल्या निरीक्षणापासून इथवर यायला १९ वर्षं लागली.

आता कॅन्सरचं. गाठ आपल्याच पेशींची असते. तिच्यात बदललेली प्रथिनं असतात, टी-पेशींना ओळखता येतील अशी. पण जिवाणूसारखी धोक्याची खूण तिच्यावर ठळक नसते. डेंड्रायटिक पेशी गाठीत शिरतात, तुकडे उचलतात, पण जाग्या होत नाहीत, आणि टी-पेशींना उलटाच धडा मिळतो. स्टाइनमन यांचा विचार सरळ होता: रुग्णाच्या पेशी बाहेर काढा, बाहेरच त्यांना गाठीची ओळख करून द्या, जाग्या करा आणि परत सोडा.

मार्च २००७ मध्ये त्यांना स्वतःलाच स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. शस्त्रक्रिया झाली, केमो झाली. काढलेल्या गाठीचे भाग सहकाऱ्यांच्या प्रयोगशाळांत गेले आणि पुढच्या वर्षांत, रीतसर परवानग्या काढून, त्यांनी अनेक प्रायोगिक उपचार घेतले. त्यात त्यांच्याच डेंड्रायटिक पेशींपासून केलेल्या लसीही होत्या. निदानानंतर ते साडेचार वर्षं जगले.

या साडेचार वर्षांचा अर्थ काय लावायचा, यावर मला बोलायचं आहे. तुम्हाला काय वाटतं तेही लिहा.

---

चंद्रकोर

वाचताना घसा दाटून आला. तीन दिवस आधी गेले म्हणजे त्यांना कळलंच नाही?

माझा प्रश्न साधा आहे, ताई. स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये माणसं काही महिन्यांत जातात. ते साडेचार वर्षं जगले, म्हणजे लस लागू पडली असंच ना?

---

जुना_वाचक

सूक्ष्मदर्शी, फार चांगला विषय घेतलात. याला एक मागचा धागा आहे, तो जोडतो.

१८९० सालचं न्यूयॉर्क. बेसी डॅशिएल नावाची १७ वर्षांची मुलगी हाताला किरकोळ इजा झाली म्हणून दाखवायला आली. दुखणं थांबेना. विल्यम कोली हा तेव्हा २८ वर्षांचा नवशिका सर्जन. निदान निघालं सार्कोमा, म्हणजे हाडं-स्नायूंसारख्या ऊतींचा कॅन्सर. कोलीने हात कोपराखाली कापला, तरी जानेवारी १८९१ मध्ये ती गेली. कोली हादरला. रुग्णालयाच्या जुन्या वह्या काढून बसला आणि त्यात त्याला एक नोंद सापडली: मानेवर सार्कोमाची गाठ, पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया, पुन्हा पुन्हा गाठ, आणि मग जखमेत विसर्प झाला. विसर्प म्हणजे स्ट्रेप्टोकॉकसमुळे कातडीला होणारा लालभडक जंतुसंसर्ग. ताप चढला, उतरला, आणि गाठही गेली. नोंद सात वर्षांपूर्वीची. कोली त्या माणसाला शोधत मजुरांच्या वस्तीत घरोघर फिरला. माणूस सापडला, धडधाकट.

मे १८९१ मध्ये त्याने झोला नावाच्या एका रुग्णाला मुद्दाम जंतू टोचायला सुरुवात केली. या माणसाच्या मानेत आणि टॉन्सिलमध्ये गाठी होत्या, गिळणंसुद्धा मुश्कील झालेलं. ऑक्टोबरमध्ये एकदाचा विसर्प जोरात उठला. माणूस मरता मरता वाचला आणि मानेतली गाठ विरघळली. पुढे तो सुमारे आठ वर्षं जगला. पण नंतरच्या काही रुग्णांचा त्या जिवंत जंतूंनीच बळी घेतला, म्हणून कोलीने मारलेले जंतू वापरायला सुरुवात केली. दोन जातींचं मिश्रण: स्ट्रेप्टोकॉकस पायोजेनीस आणि सेरॅशिया मार्सेसेन्स. जानेवारी १८९३ मध्ये १६ वर्षांच्या मुलाला ते मिश्रण दिलं, पोटात मोठी गाठ होती. तो मुलगा पुढे २६ वर्षं जगला.

कोलीची अडचण अशी की त्याच्या प्रत्येक बाटलीची ताकद वेगळी, प्रत्येक रुग्णाला डोस वेगळा, देण्याची जागा वेगळी. कुणाला गुण आला, कुणाला नाही, आणि का हे त्याला सांगता येत नव्हतं. तोवर क्ष-किरण आणि रेडियम आले होते. त्यांचा परिणाम मोजता येत होता. १९३६ मध्ये तो गेला आणि उपचारही मागे पडला. त्याची मुलगी हेलन कोली नॉट्स हिने वडिलांचे शेकडो रुग्णांचे कागद वर्षानुवर्षं बसून लावले आणि १९५३ मध्ये कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूट उभी केली. ती डॉक्टर नव्हती, शास्त्रज्ञ नव्हती. तिच्या चिकाटीमुळे ती माहिती टिकली, असं माझं ठाम मत आहे.

आणि हे ऐका. ती बेसी डॅशिएल जॉन डी. रॉकफेलर धाकटे यांची जिवलग मैत्रीण होती. त्यांच्या वडिलांनी १९०१ मध्ये काढलेली संशोधन संस्था म्हणजेच पुढचं रॉकफेलर विद्यापीठ, जिथे स्टाइनमन यांनी ती फांद्यांची पेशी पाहिली. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ नुसता बसलो होतो.

---

सूक्ष्मदर्शी

जुना_वाचक दादा, हा प्रतिसाद म्हणजे अर्धा धागा तुम्हीच लिहिलात! त्यात एकच कडी जोडते. सेरॅशियाच्या कवचात असतो तो लायपोपॉलिसॅकराइड, म्हणजे एलपीएस. मी बशीत कणभर घालते म्हटलं तो घटक हाच, मात्र दुसऱ्या जिवाणूचा. शरीराला हा एलपीएस कळतो कसा, याचं उत्तर १९९८ मध्ये बॉयटलर यांनी दिलं. उंदरांची एक जात एलपीएसला दादच देत नव्हती. तिच्यात बिघडलेलं जनुक त्यांनी हुडकून काढलं. ते टीएलआर-४ निघालं. त्याआधी १९९६ मध्ये हॉफमन यांनी फळमाशीत टोल हे जनुक बुरशीपासून बचाव करतं असं दाखवलं होतं, त्याच घराण्यातलं हे. म्हणजे कोलीच्या बाटलीतलं औषध, ते ओळखणारा ग्राहक-रेणू (रिसेप्टर, म्हणजे टीएलआर-४) आणि ती ओळख टी-पेशींपर्यंत नेणारी पेशी, हे सगळं २०११ च्या त्या एका पारितोषिकात एकत्र आलं.

आता चंद्रकोर, तुझा प्रश्न. नाही, त्यांना कळलं नाही. घरच्यांना स्टॉकहोमहून आलेला निरोप त्यांच्याच फोनवर दिसला.

आणि लस लागू पडली का? प्रामाणिक उत्तर असं की एका माणसावरून हे सांगता येत नाही, आणि हे वाक्य मी टाळाटाळ म्हणून लिहीत नाही. त्यांची गाठ शस्त्रक्रियेने काढता आली होती. बहुतेकांची निदानाच्या वेळीच तशी अवस्था राहिलेली नसते. गाठ काढता आलेल्या लोकांत काहीजण केमोवरही तीन-चार वर्षं जगतात. शिवाय त्यांनी एकामागून एक वेगवेगळे उपचार घेतले. त्यातल्या कशाने किती दिवस मिळाले, हे वेगळं करायचा मार्गच नाही. ज्या माणसाने आयुष्यभर प्रत्येक प्रयोगाला तुलनेचा गट ठेवला, त्याच्या स्वतःच्या बाबतीत तो गट असूच शकत नव्हता. मला त्यांच्या गोष्टीत सगळ्यात जास्त हेच लागतं.

तुलना असलेला पुरावा हवा तर तो दुसरीकडे आहे. एप्रिल २०१० मध्ये, म्हणजे ते हयात असताना, अमेरिकेत सिप्युल्युसेल-टी या उपचाराला परवानगी मिळाली. पुढच्या टप्प्यातला प्रोस्टेट कॅन्सर, रुग्णाच्याच रक्तातल्या पेशी काढून, बाहेर प्रथिनासोबत ठेवून, दोन-दोन आठवड्यांनी तीनदा परत द्यायच्या. ५१२ रुग्णांची चाचणी झाली. मध्यक आयुष्य, म्हणजे निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो आकडा, तुलनेच्या गटात २१.७ महिने, उपचाराच्या गटात २५.८ महिने. चार महिने. गाठी फारशा आकसल्या नाहीत, आजार पुढे सरकायचा वेळही बदलला नाही, पण आयुष्य वाढलं. हे कमी आहे की जास्त, हे मी ठरवणार नाही. पण हे चार महिने मोजलेले आहेत.

---

अबोली

मी इथे फक्त वाचते, क्वचितच लिहिते. पण आज लिहावंसं वाटलं, कारण आमच्या घरात सध्या हेच चाललंय आणि ते ‘हेच’ आहे हे मला आत्ता हा धागा वाचताना कळलं.

बाबांना मूत्राशयाचा कॅन्सर आहे. वरच्या थरातला, स्नायूत गेलेला नाही. दुर्बिणीतून गाठ खरवडून काढली आणि आता दर मंगळवारी बीसीजी. हो, तीच क्षयाची लस, जिवंत. सहा आठवडे, आठवड्याला एक. नळीतून मूत्राशयात सोडतात, नळी काढतात आणि मग दोन तास लघवी धरून ठेवायची. नर्सबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, पंधरा-पंधरा मिनिटांनी कूस बदलायची. पाठीवर, डाव्या कुशीवर, पालथं, उजव्या कुशीवर, म्हणजे औषध सगळ्या भिंतींना लागतं. मी फोनवर गजर लावून बाजूला बसते. घरी आल्यावर सहा तास बसूनच लघवीला जायचं आणि प्रत्येक वेळी भांड्यात ब्लीच ओतून पंधरा मिनिटं थांबून मग पाणी सोडायचं.

तिसऱ्या डोसानंतर संध्याकाळी ताप आला, हुडहुडी भरली, अंग मोडून आलं. मी घाबरून फोन केला. डॉक्टरांनी तापाचा आकडा विचारला, किती वेळ आहे ते विचारलं आणि म्हणाले, एवढा ताप एक दिवस येऊ शकतो, शरीर दखल घेतंय, पण जास्त चढला किंवा दोन दिवसांत उतरला नाही तर लगेच या. ‘शरीर दखल घेतंय’ म्हणजे काय ते तेव्हा नीट समजलं नव्हतं. कोलीची गोष्ट वाचून समजलं.

मला विचारायचंय की कॅन्सरवर क्षयाची लस का चालते? आणि सहाच डोस का?

---

शल्यक

अबोली ताई, मी निवृत्त सर्जन आहे, मूत्रविकार हा माझा विषय नव्हता, पण एवढं सांगू शकतो. १९७६ मध्ये अल्वारो मोरालेस यांनी कॅनडात नऊ रुग्णांवरचे निष्कर्ष छापले. तिथून हे सुरू झालं आणि १९९० मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. आज इतक्या वर्षांनीही, ज्या रुग्णांत गाठ परत यायचा धोका जास्त असतो त्यांच्यासाठी हाच पहिला उपचार आहे. उपजत प्रतिकारशक्तीला हाक मारून कॅन्सरवर चालवलेलं सगळ्यात जुनं आणि टिकलेलं औषध हेच.

सहा का? मोरालेस यांना मिळणारी लस सहा बाटल्यांच्या खोक्यात यायची. आठवड्याला एक, खोकं संपलं की झालं. पुढे चाचण्या झाल्या आणि सहाचा आकडा राहिला. पुढचे देखभालीचे डोस मात्र चाचण्यांवरून ठरले आहेत, ते डॉक्टर सांगतील तसे चुकवू नका.

का चालते याचं थोडक्यात उत्तर: बीसीजी आतल्या अस्तराला चिकटते, पेशींत शिरते, तिथल्या पेशी धोक्याची रसायनं सोडतात, आधी न्यूट्रोफिल आणि मॅक्रोफेज धावतात, मागून टी-पेशी येतात. या गर्दीत उरलेल्या कॅन्सरपेशी सापडतात. लघवीत पांढऱ्या पेशी दिसतात त्या याच. आणि एक महत्त्वाचं. लघवीत रक्ताच्या गाठी, ३८.५ अंश सेल्सिअसच्या वर ताप किंवा ४८ तास टिकलेला ताप, यांपैकी काही असेल तर पुढचा डोस घेण्याआधी सांगायचं. जिवंत जंतू आहे, क्वचित रक्तात पसरतो.

---

प्रश्नचिन्ह

मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एक गोंधळ आहे. वर्गात शिकवलं की गाठीत मॅक्रोफेज जितके जास्त तितका बहुतेक कॅन्सरमध्ये आजार वाईट. मग उपजत प्रतिकारशक्ती मित्र की शत्रू? इथे तर सगळे तिला जागं करायच्या गोष्टी बोलताहेत.

---

सूक्ष्मदर्शी

बरं झालं हे विचारलंस, नाहीतर धागा एकांगी झाला असता.

गाठीत पांढऱ्या पेशी असतात हे जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ फिर्को यांनी १८६३ मध्येच नोंदवलं होतं आणि जिथे दाह टिकून राहतो तिथे कॅन्सर उगवतो असं त्यांचं मत होतं. १९८६ मध्ये हॅरल्ड ड्वोरॅक यांनी गाठीला ‘न भरणारी जखम’ म्हटलं. मला हे वर्णन अगदी पटतं. मॅक्रोफेजचं काम नुसतं जंतू मारणं नाही. जखम झाली की कचरा उचलायचा, नव्या रक्तवाहिन्या बोलवायच्या, पेशींना वाढायला सांगायचं आणि शेजारच्या लढाईला आता पुरे म्हणायचं, हेही तिचंच काम. गाठ तिला सतत हेच भासवते की जखम अजून भरायची आहे. मॅक्रोफेज आपलं काम इमानाने करत राहते आणि त्यावर गाठ पोसते. तिला मित्र-शत्रू ठरवण्यात अर्थ नाही. तिला कोणती खबर मिळते आहे ते बघायचं.

याचा पुरावा माणसांतही मिळाला. २०१७ मध्ये हृदयविकारावरची कँटोस ही मोठी चाचणी जाहीर झाली, १०,०६१ रुग्ण. औषध होतं कॅनाकिनुमॅब, दाह पेटवणाऱ्या इंटरल्युकिन-१ बीटा या रेणूला अडवणारं. पाहायचे होते हृदयाचे झटके, पण औषध घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सरही बराच कमी आढळला. मग तेच औषध फुप्फुसाच्या कॅन्सरच्या रुग्णांना देऊन पाहिलं, तर त्या चाचण्या अपयशी ठरल्या. माझ्या मते याचा अर्थ असा की दाह गाठ उगवायला मदत करतो, पण एकदा ती उभी राहिली की नुसता तो विझवून भागत नाही.

अपयशं आणखी आहेत आणि ती लिहायलाच हवीत. कॅन्सरपेशी अंगावर सीडी-४७ नावाचं प्रथिन मिरवतात. मॅक्रोफेजला ते सांगतं, ‘मला खाऊ नकोस’. स्टॅनफर्डच्या अर्व्हिंग वाइसमन यांच्या गटाने ते झाकणारी प्रतिद्रव्यं (अँटिबॉडी) वापरली, उंदरांत गाठी वितळल्या, आम्ही सगळे हरखून गेलो होतो. त्यावरचं मॅग्रोलिमॅब हे औषध रक्ताच्या कॅन्सरमध्ये मोठ्या चाचण्यांत उतरलं आणि २०२३-२४ मध्ये त्या थांबवाव्या लागल्या. स्टिंग या प्रथिनाचंही तसंच. पेशीच्या आत, जिथे डीएनए असायला नको तिथे तो सापडला की सीजीएएस हे विकर धोक्याची घंटा वाजवतं आणि स्टिंग ती पुढे नेतं. सीजीएएसचा शोध झिजियान चेन यांचा, त्याला २०२४ चा लास्कर पुरस्कार मिळाला. थॉमस गायेव्स्की यांच्या गटाने २०१४ मध्ये दाखवलं की स्टिंग नसलेल्या उंदरांत गाठीविरुद्ध टी-पेशी नीट उठतच नाहीत. पण स्टिंगला चेतवणारी पहिली औषधं माणसांच्या गाठीत टोचली तेव्हा फार थोड्यांना फायदा झाला.

उंदीर आणि माणूस यांत इतका फरक का पडतो, यावर आमच्या प्रयोगशाळेत तासन्‌तास वाद होतात. माझं मत असं, की उंदरातली गाठ दोन-तीन आठवड्यांची असते. माणसातली अनेक वर्षं प्रतिकारशक्तीसोबत राहिलेली असते, तिच्या सगळ्या सवयी ओळखून असते.

---

रानवाट

इतकं चांगलं चाललंय त्यात मी कटू लिहितोय, पण लिहितो.

तीन वर्षांपूर्वी माझ्या मोठ्या भावाला स्वादुपिंडाचा कॅन्सर झाला. यकृतात पसरलेला होता. एका उपचार केंद्रात आम्हाला ‘डेंड्रायटिक सेल थेरपी’ सांगितली. नाव लिहीत नाही. तिथल्या माणसाने भिंतीवरचा स्टाइनमन यांचा फोटो दाखवला आणि म्हणाला, या उपचाराला नोबेल मिळालंय, शोध लावणाऱ्याने स्वतः घेतला आणि वर्षानुवर्षं जगला. मी विचारलं, तुमच्याकडे किती लोकांना गुण आला? तो म्हणाला, प्रत्येकाचं शरीर वेगळं. आम्ही पैसे भरले. वहिनीने दागिने मोडले. भावाचं रक्त काढलं, तीन वेळा काहीतरी टोचलं. कागदावर पेशींची संख्यासुद्धा लिहून दिली नाही. सात आठवड्यांनी भाऊ गेला.

तो तसाही गेला असता, हे मला माहीत आहे. पण शेवटचे दिवस घरी जाण्याऐवजी प्रवासात गेले. आज हा धागा उघडला आणि वर तेच नाव दिसलं, म्हणून आधी बंद केला होता. मग पुन्हा येऊन सगळा वाचला. एक कळलं, की त्या माणसाने सगळंच खोटं सांगितलं नव्हतं, पण अर्धंच सांगितलं होतं.

---

सूक्ष्मदर्शी

रानवाट दादा, तुम्ही परत येऊन वाचलंत आणि लिहिलंत, त्यासाठी मनापासून आभार. हे वाचून मी खूप वेळ काही लिहू शकले नाही.

नोबेल मिळालं ते पेशीच्या शोधाला आणि ती अर्जित प्रतिकारशक्तीत काय करते हे दाखवल्याबद्दल. उपचाराला नाही. आणि स्टाइनमन यांनी जे घेतलं ते प्रायोगिक म्हणून घेतलं, देखरेखीखाली, प्रत्येक पावलाची नोंद ठेवत. त्यांच्या फोटोखाली बसून कुणी नोंदही न ठेवता ते विकावं, याचा मला संताप येतो.

इथे कुणावर अशी वेळ आली तर मी माझ्या माणसांना जे सांगते तेच सांगते. हा उपचार मान्यताप्राप्त आहे की चाचणीतला, हे आधी विचारा. चाचणीतला असेल तर तिचा नोंदणी क्रमांक मागा, तो सार्वजनिक नोंदवहीत स्वतः शोधा, नीतिमत्ता समितीची परवानगी बघायला मागा. चाचणीतल्या प्रायोगिक औषधासाठी तुमच्याकडूनच मोठी रक्कम मागत असतील तर तिथेच थांबा. कोणत्या पेशी, किती, त्या जिवंत आणि जाग्या आहेत हे कशावरून तपासलं, हे लेखी मागा. आम्ही साध्या उंदराच्या प्रयोगातही हे आकडे वहीत लिहिल्याशिवाय पुढे जात नाही. आणि तुमच्या नेहमीच्या कॅन्सरतज्ज्ञाला दाखवल्याशिवाय काही भरू नका.

---

चंद्रकोर

रानवाट दादा, तुमच्या वहिनींना नमस्कार सांगा. माझा पहिला प्रश्न मी किती सहज विचारला होता. त्या माणसाने तुम्हाला जे सांगितलं, तेच मी स्वतःहून मानून बसले होते.

---

प्रश्नचिन्ह

ताई, अजून एक. मग स्टाइनमन यांची मूळ कल्पना चुकली असं म्हणायचं का?

---

सूक्ष्मदर्शी

नाही. पेशी बाहेर वाढवून परत द्यायची पद्धत अजून पुरेशी चालत नाही, पण मूळ कल्पना दरवर्षी पक्कीच होते आहे. २००८ मध्ये केनेथ मर्फी यांच्या गटाने बॅट्फ-३ हे जनुक नसलेले उंदीर तयार केले. त्यांच्यात डेंड्रायटिक पेशींचा फक्त एक उपप्रकार नसतो. बाकी टी-पेशी वगैरे जागेवर असतात. एरवी उंदीर ज्या गाठी सहज परतवतात, त्या या उंदरांना परतवता आल्या नाहीत. म्हणजे निरोप्या नसेल तर टी-पेशी असून उपयोग नाही. बाहेर वाढवलेल्या पेशी बहुतेक रक्तातल्या मोनोसाइट या पांढऱ्या पेशींपासून केलेल्या असतात, हा उपप्रकार नव्हे. हा उपप्रकार फार दुर्मीळ आहे. सध्या बरेच गट गाठीच्या आतच त्याची संख्या वाढवायच्या मागे आहेत, आम्हीही त्यातले. माझ्या बशीत गेल्या महिन्यात पहिल्यांदा त्या बऱ्यापैकी संख्येने आल्या. १९७३ चा एक टक्का मला तेव्हा फार जवळचा वाटला.

---

अबोली

सगळ्यांचे आभार. शल्यक काका, तुमचा प्रतिसाद बाबांना वाचून दाखवला. सहा बाटल्यांचं खोकं ऐकून ते बराच वेळ गप्प होते आणि मग म्हणाले, त्या नऊ माणसांना कुणी सांगितलं होतं का, की हे चालेल?

आज पाचवा झाला. या वेळी कूस बदलायची आठवण त्यांनीच मला केली. संध्याकाळी ३७.९ ताप होता, रात्री नऊला उतरला. लघवी स्वच्छ आहे. सहावा पुढच्या मंगळवारी, आणि सहा आठवड्यांनी दुर्बिणीची तपासणी. झाली की इथे लिहीन.